एवढंसं काडतूस

गेल्या श्रावणात चार दिवसांची रजा टाकून सुरतला जाऊन आलो. मडगावला गाडीत बसलो तो दुसऱ्या दिवशी सुरतला उतरलो, आणि तिथून रिक्षाने उधना ओलांडून डिंडोलीला, ताईच्या घरी. डिंडोली म्हणजे सुरतच्या आग्नेय टोकाची वस्ती. एकेकाळी गाव होते, आता सोसायट्याच सोसायट्या. रिक्षातून उतरलो आणि क्षणभर वाटले, आपण गुजरातेत आलोय की जळगाव जिल्ह्यात? पाट्या गुजराती, पण कानावर येते ती अहिराणी. लूम, कापड मार्केट, डाईंग मिल यांच्या कामासाठी धुळे-नंदुरबार-जळगावहून उधना-जळगाव लाईनने आलेली माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत. त्यात मी गेलो तो नेमका कानबाईचा आठवडा. प्रत्येक जिन्यात रोटांसाठीच्या भाजलेल्या पिठाचा वास!

ताईचे यजमान मूळचे अमळनेरचे. एकेकाळी गोव्यात एका औषध कंपनीत होते, तिथेच हे लग्न जमले. पुढे ते सुरतला कापड बाजारात हिशेबनीस म्हणून आले आणि आमची सत्तरीच्या कुळागरात वाढलेली ताई डिंडोलीची झाली.

मी गेलो होतो एका सहीसाठी. आम्ही कारकून माणसे, आमची नातीसुद्धा शेवटी कागदावर येऊन थांबतात. बाबा जाऊन वर्ष होत आले होते. त्यांच्या नावावर एक रायफल होती, पॉइंट टू टू, ब्रनो बनावटीची. परवानाधारक वारला की शस्त्र घरात ठेवता येत नाही, म्हणून ती तेव्हाच पोलीस ठाण्यात जमा केली होती. आता तिचे काय करायचे ते ठरवायचे होते आणि त्यासाठी सगळ्या वारसांचे ना हरकत पत्र हवे होते. ताईला मी तीनदा टपालाने कागद पाठवला. तिन्ही वेळा तिने तो "मिळाला" एवढेच फोनवर सांगितले. म्हणून स्वतःच गेलो.

घरात शिरलो तर फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक कागद दिसला. नेमबाजीचे लक्ष्य. मध्ये काळा ठिपका आणि त्याच्या डाव्या अंगाला पाच भोके, एकमेकांना चिकटून.

"मामा, पाचच्या पाच! रुपया ठेवलास तर सगळी झाकतील," भाची म्हणाली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एनसीसीत आहे. ताईच्या सासूबाई आतून कौतुकाने म्हणाल्या, "आमनी पोर नेम धरस!"

ताई काहीच बोलली नाही. नंतर कळले की फ्रिजच्या वर, पापडाच्या डब्याखाली, दुसराही एक कागद तिच्या सहीची वाट पाहत पडला होता. नेमबाजीच्या शिबिरासाठी पालकांचे संमतीपत्र. म्हणजे घरात एकाच काडतुसाचे दोन कागद, आणि सही एकीचीच अडलेली.

रात्री जेवणानंतर आम्ही मामा-भाची गच्चीवर बसलो. तिने विचारले, "मामा, आजोबांची रायफल आणि आमची कॅम्पमधली, दोघींना गोळी एकच लागते?"

एकच लागते. आणि इथेच या एवढ्याशा वस्तूची गंमत आहे. आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत घेतलेल्या रायफलीत जे काडतूस बसते, तेच २०२४ साली ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या रायफलीत बसते. शंभर वर्षांत विमाने बदलली, टपाल बदलले, आमच्या कचेरीतले टाईपरायटर भंगारात गेले. हे काडतूस मात्र आहे तसेच आहे.

आता काडतूस हा शब्दच घ्या. तो आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'कार्तुश'वरून आला असे मानतात. पिस्तूलही त्यांचेच. पाव आणि बटाट्याबरोबर तेही आपल्या भाषेत राहून गेले!

पॉइंट टू टूचे काडतूस अख्खे एक इंचाचे. त्यातल्या शिशाच्या गोळीचे वजन चाळीस ग्रेन, म्हणजे अडीच ग्रॅमच्या थोडे वर. मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक वेगळी टिकली असते, घोड्याची सुई तिच्यावर आपटते. या लहानग्याला टिकली नाही. त्याच्या पितळी पुंगळीच्या बुडाची कड बाहेर दुमडलेली असते आणि त्या कडेच्या पोकळीत, आतल्या बाजूने, पेट घेणारे मिश्रण भरलेले असते. कारखान्यात हे मिश्रण ओले असतानाच पुंगळी गरगर फिरवून ते कडेत बसवतात. सुई त्या कडेवर आपटते, कड चेपते आणि बार उडतो. कडेवर पेटते म्हणून नाव रिमफायर.

याची सुरुवात १८४५ सालची. पॅरिसच्या फ्लोबेर नावाच्या बंदूककाराने टोपीवर छोटीशी गोळी बसवून दिवाणखान्यात नेमबाजी करण्याजोगे खेळणे बनवले. त्यावरून १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी पॉइंट टू टू शॉर्ट काढले. आज आपण वापरतो ते 'लाँग रायफल' काडतूस आले १८८७ साली. त्या काळात मोठमोठी रिमफायरही होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात स्पेन्सर आणि हेन्री या रायफलींत वापरली गेली ती रिमफायरच. ती सगळी मागे पडली. कारण उघड आहे. सुईने चेपायची तर कडेचे पितळ पातळ हवे, आणि पितळ पातळ म्हटले की आत दारूचा जोर जास्त चालत नाही. मोठेपण त्या घडणीला झेपणारे नव्हते. लहान मात्र टिकले, कारण त्याने झेपेल एवढेच ओझे घेतले.

"म्हणजे ते आपली पायरी ओळखून राहिलं," भाची हसली.

तसेच. आणि त्या पायरीचे फायदे पाहा. धक्का जवळजवळ नाही, म्हणून नवख्या माणसाचा खांदा घाबरत नाही. आवाज कमी. किंमत मोठ्या काडतुसांच्या मानाने कमी. त्यामुळे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून पाहता येते, आणि नेम म्हणजे तरी दुसरे काय? श्वास सोडायचा, थांबायचे, चाप ओढायचा नाही, तर हळूहळू दाबायचा. मोठ्या बंदुकीचा दणका तुमची चूक झाकून टाकतो. हे काडतूस चूक कागदावर लिहून देते.

ते मला स्वतःला ठाऊक आहे. कॉलेजात मीही एनसीसीत होतो. पंचवीस यार्डांवर, लाल मातीत पोटावर पडून, पाच गोळ्या मारल्या. कागदावर भोके चारच. हवालदारसाहेबांनी कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, "पाँचवीं कहाँ गयी?" मी गप्प. ते म्हणाले, "गोली झूठ नहीं बोलती, बेटा." मग पाचही रिकामे खोके मोजून घेतले आणि मला उठवले. पाचवी कुठे गेली ते आजतागायत कळलेले नाही. बी.ए.ला मराठी घेतले ते बरेच झाले म्हणायचे!

असो. आता मूळ गोष्टीकडे येतो.

बाबांच्या कपाटात रायफलीच्या परवान्याबरोबर मला एक वही सापडली होती. ती मी डिंडोलीला घेऊन गेलो होतो. काडतुसांचा हिशेब. परवान्यावर काडतुसांची नोंद होतेच, पण बाबांनी ही वेगळी वही ठेवली होती. तारीख, किती आणली, किती उडवली, कशावर. सुरुवातीची अक्षरे आजोबांची. मुक्तीनंतरची पाने बाबांची.

तेव्हाच्या सत्तरीत रायफल म्हणजे कुळागराची राखण. नारळ-सुपारी-केळीची बाग घराला लागून, आणि बागेला लागून रान. माकडे शहाळी पाडून टाकत, साळींदर कंद उकरी, ससे भाजीचा वाफा साफ करीत. ठासणीच्या बंदुकीने बार काढला तर अर्धा गाव जागा व्हायचा आणि छर्ऱ्यांनी केळीही फाटायच्या. पॉइंट टू टूचे काम नेमके. जगभर शेतकऱ्यांनी आणि लहान शिकारीवर पोट भरणाऱ्यांनी ते याचसाठी जवळ केले. ऑस्ट्रेलियात सशांनी कुरणे फस्त केली तेव्हा हेच काडतूस घरोघरी होते. मांस खराब होत नाही, खर्च बेताचा, आणि खिशात पन्नास काडतुसांची डबी सहज मावते. वहीतही तसेच आहे. 'ससा १.' 'माकडांवर हवेत २.' 'काही नाही.'

मग १९७० सालचे एक पान येते. त्यावर असे लिहिले आहे: 'डुक्कर. २ उडवली. गेला.' खाली दुसऱ्या शाईने, 'तिसऱ्या दिवशी वास आला. बांबूच्या बेटात. चूक माझी.'

बाबा तेव्हा पंचविशीचे. रानडुकराची कातडी, चरबी, खांद्यावरचे जाड कवच... अडीच ग्रॅमची गोळी तिथे शिरते पण थांबवत नाही. जनावर तिला घेऊन चालत राहते. सशाला जी गोळी क्षणात संपवते, तीच डुकराला तीन दिवस मारत राहते. काडतुसाचा दोष नव्हता. त्याच्याकडून त्याच्या आवाक्याबाहेरचे काम मागितले होते.

त्यानंतरची पाने मी पुन्हा पुन्हा पाहिली. एकाही जनावराचे नाव नाही. दोन वर्षांनी, १९७२ साली, वन्यजीव संरक्षण कायदा आला. आज परवानगीवाचून रानडुकरावर गोळी झाडणे गुन्हा आहे. पण बाबा कायद्याच्या आधीच थांबले होते. वहीत पुढे फक्त 'डबे ५', 'डबे १०', 'करवंटी ३'. वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला रायफल पुसून पूजेला ठेवायची, आणि नंतर कधीतरी मागच्या दरडीवर रिकामे डबे लावून दहा गोळ्या उडवायच्या. मागे मातीची दरड असलीच पाहिजे. ही एवढीशी गोळी अडली नाही तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि दगडावर किंवा पाण्यावर आपटून भलतीकडे वळते.

ताईला यातले काही माहीत नव्हते. तिला माहीत होती ती एकच खंडेनवमी. ती सात वर्षांची असताना पूजेला ठेवलेल्या रायफलीच्या खटक्याला तिने हात लावला आणि बाबांनी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात एकदाच. आमचे बाबा कुत्र्यालाही 'हाड' न म्हणणारे. ताईच्या मनात ते कायमचे राहिले. आपल्यापेक्षा त्या लोखंडाची बाबांना जास्त काळजी, असे तिने धरले. तीन कागद का परत आले नाहीत, याचे उत्तर तिथे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सासूबाई कानबाईच्या तयारीत आणि भाची कॉलेजात असताना, मी ताईपुढे ती वही ठेवली. १९७० चे पान उघडून. ती बराच वेळ वाचत राहिली. ओळी तीन, वाचायला लागली पाच मिनिटे.

"हे बाबांनी कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"कोणालाच नाही."

"म्हणून मारलं होय मला..." आणि मग थोड्या वेळाने, "घाबरले होते रे ते."

मी काही बोललो नाही. थोडे थांबून तीच म्हणाली, "पण मग माझ्या पोरीच्या हातात ती वस्तू मी का देऊ? तिचा उपयोग तरी काय आता? शिकार बंद, बागेत जायचं नाही. डिंडोलीत काय ससे आहेत?"

प्रश्न रास्त होता. मी माझ्या परीने उत्तर दिले. शिकार गेली तरी या काडतुसाचे काम गेले नाही, उलट आता ते त्याच्या खऱ्या कामाला लागले आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली, सहाशेपैकी ५९७ गुण. ती रायफल याच काडतुसाची. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवले, तेही याच काडतुसाने. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. वडील शिक्षक, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकलेला, तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस. १ ऑगस्ट २०२४ ला त्याने ४५१.४ गुण करून कांस्य जिंकले. भारताला या काडतुसाने मिळालेली ऑलिंपिक पदके आजवर दोनच. २०१२ साली विजय कुमारचे रौप्य आणि हे कांस्य. बाकीची नेमबाजीतली पदके एअर रायफल, एअर पिस्तूल आणि शॉटगनची.

पन्नास मीटरवरच्या कागदावर दहाचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे. आपल्या करंगळीच्या नखाएवढे. तिथे पोचायला गोळीला सेकंदाचा साधारण सहावा-सातवा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात वारा तिला ढकलतो. म्हणून स्पर्धेची काडतुसे मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या आत ठेवतात, वेगाच्या हव्यासाने नेम बिघडू नये म्हणून. चांगले नेमबाज तर कारखान्याच्या एकेका घाण्यातली काडतुसे आपल्या नळीत उडवून पाहतात आणि जुळेल तोच घाणा उचलतात. एवढा सगळा खटाटोप कशासाठी? कोणाला मारायला नव्हे, कागदाला भोक पाडायला.

भावोजी दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "आणि आपल्या भुसावळजवळच्या वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा कारखाना आहे की. आमच्या भाऊबंदांतले किती जण तिथे नोकरी करून रिटायर झाले. कोणाच्या घरात बंदूक नाही, पण काडतुसावर पोरं शिकली." ताई पहिल्यांदा हसली.

तिने त्या दुपारी कुठलीच सही केली नाही. संध्याकाळी भाची आल्यावर तिला एवढेच विचारले, "रायफल हातात नसताना तुमचे साहेब पहिलं काय शिकवतात?"

"नळी कुठे बघते त्याच्यावर लक्ष. रिकामी असली तरी भरलेलीच समजायची. आणि सांगितल्याशिवाय चापावर बोट नाही."

"आणि मागे काय आहे ते?"

"ते तर आधी, आई."

रात्री पापडाचा डबा बाजूला झाला. दोन्ही कागदांवर ताईने एकाच बैठकीत सही केली, आमच्या बाबांसारख्याच तिरक्या अक्षरात.

उरला प्रश्न रायफलीचा. भाचीला वाटत होते, आजोबांची रायफल तिला मिळेल. मी समजावले की ती शिकारी बनावटीची, स्पर्धेच्या कामाची नाही, आणि परवान्याचे नियम मामाच्या मायेवर चालत नाहीत. मला स्वतःला ती नावावर करून घेता आली असती. पण आमच्या बागेत आता मी महिन्यातून एकदा जातो, दरड खचली आहे, आणि डबे लावून नेम धरायला माझी पाचवी गोळी अजून सापडलेली नाही. रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जाऊ द्यावी, रीतसर, असे आम्ही दोघा भावंडांनी ठरवले. जे पैसे येतील ते भाचीच्या नावावर, काडतुसांसाठी. शस्त्र जाईल, काडतूस राहील.

"मग मला ती वही दे," भाची म्हणाली.

मी ताईकडे पाहिले. ती रोटांचे ताट झाकत होती. "दे," म्हणाली, "पण त्यात खोटं लिहायचं नाही."

सोमवारी कानबाईचे विसर्जन झाले. ढोल, फुगड्या, पावसात भिजलेल्या बायका, आणि डोक्यावर देवी घेऊन चाललेल्या सासूबाई. त्याच रात्री मी परतलो. वही डिंडोलीतच राहिली.

महिन्याभराने ताईचा फोन आला. शिबिर झाले होते. मी विचारले, "काय केलं पोरीनं?"

"थांब, वाचते." पान उलटल्याचा आवाज आला. "'शिबिर. ५ उडवली. ४ ठीक. पाचवी वाऱ्याने नव्हे, माझ्या घाईने.'"

मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ टेबलावरच्या फायली तशाच पडू दिल्या.